गडूखालचं बोट

"तू ग्लासच्या बुडाला बोट लावून का धरतेस गं? गळतोय का?" क्रेमेनानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सूपमध्ये व्हिनेगर घालायला लागली. तिच्यापुरता विषय संपला होता. गॅलरीसमोरच्या खानावळीत आम्ही दुपारचं जेवत होतो. उद्घाटन परवावर आलं होतं. प्रदर्शन माझं, मांडणी तिची, आणि दिव्यांवरून सकाळपासून आमची धुसफूस चालली होती. मी ग्लासकडे पाहिलं. अंगठा आणि तीन बोटं काचेभोवती, आणि मधलं बोट आत मुडपून बुडाच्या बरोबर मध्यावर टेकवलेलं. नुसतं टेकवलेलं नव्हे, दाबलेलं. नखाचं टोक पांढरं पडलं होतं. आयुष्यभर मी अशीच पाणी पीत आलेय, कॉफी पीत आलेय, माझ्याच लग्नात दारूही अशीच प्याले असणार, आणि बावन्न वर्षांत ते मला कुणी विचारलं नव्हतं. सवय आहे, असं मी म्हणाले. आईचीपण आहे. हे माझं मलाच ऐकू आलं, आणि मी सूप अर्धं टाकून उठले. क्रेमेना म्हणाली, झालं, आता हिचं पुन्हा बिनसलं.

बिनसलं होतं खरं, पण कशानं ते मला नीट कळेना. गॅलरीत माझे तांब्याचे गडू छतापासून तारांनी टांगलेले होते, एका रांगेत, मधला सोडून प्रत्येकाच्या बुडाला मी स्वतः पाडलेलं भोक. परवापासून त्यांत लाल दारू भरायची होती आणि ती थेंबथेंब खालच्या पांढऱ्या तागाच्या कापडावर महिनाभर गळत राहणार होती. आमच्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सासू नवरीचा रात्रीचा सदरा मागते. त्यावर हवं ते रक्त सापडलं तर लाल धागा बांधलेली गोड राकिया, म्हणजे फळांची दारू, वाजतगाजत माहेरी जाते. नाही सापडलं तर नवऱ्याच्या घरातला एक गडू घ्यायचा, त्याच्या बुडाला भोक पाडायचं, तो दारूनं भरायचा, भोकावर बोट दाबायचं आणि हसतमुखानं नवरीच्या बापापुढे धरायचा. बाप घेतो, देणारी सासू बोट काढते, दारू बापाच्या अंगावर. मग कुणाला काही बोलावं लागत नाही. शहरातली मंडळी म्हणतात, असलं काही आता नाही, आणि खरंच नाही. म्हणूनच तर गॅलरीत टांगता येतं.

मधला गडू खरा होता. वडील गेल्यावर गावच्या घराच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला सापडला, काळा पडलेला. मी आईला दाखवला तेव्हा ती एक क्षणही न थांबता म्हणाली होती, तो तुझ्या व्हीदाआत्याचा. व्हीदा म्हणजे वडिलांची बहीण. लग्न होऊन गेली, वर्षभरात परत आली, शहरातल्या सूतगिरणीत लागली आणि मी जन्मायच्या आतच छातीच्या दुखण्यानं गेली. तिचा एकच फोटो आहे, त्यात ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही. मला तेवढं पुरलं. मी दोन वर्षं या कामावर घालवली, आणि मधल्या गडूखाली पितळी पट्टीवर गावाच्या नावासकट तिचं नाव कोरलं: व्हीदा. केवढा अभिमान वाटला होता मला स्वतःचा! एका मुक्या बाईला मी वाचा दिली म्हणे.

जेवण टाकून मी त्याच गडूपाशी आले. शिडी घेतली, तो तारेवरून उतरवला, खिडकीशी नेला आणि उपडा केला. यात नवीन काही नव्हतं. हा गडू मी शंभरदा हाताळला होता. भोकाशेजारी एक छोटा खोचा आहे, खिळा पहिल्यांदा घसरला त्याचा. भोक खालून वर मारलेलं आहे, म्हणजे त्याची धार आत वळलेली. आणि भोकाभोवतालचा तांब्याचा भाग, नाण्याएवढा, गुळगुळीत झिजलेला, बाकी बुडापेक्षा पातळ. या झिजेवर मी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत एक वाक्य लिहिलं होतं, काळाच्या स्पर्शाबद्दल, आणि ते सगळ्यांना फार आवडलं होतं. काळाचा स्पर्श! तांबेभट्टीवाल्याची पोर मी, माझ्या बापाच्या मांडीवर बसून ठोकायला शिकले, आणि मला एवढं कळू नये? जो गडू एकदाच एका सकाळी वापरला आणि फेकला, त्याचं बूड झिजत नाही. तांबं असं झिजायला माणसाचं बोट वर्षानुवर्षं लागतं. मी माझं मधलं बोट तिथे ठेवलं. बसलं. दुसरी गोष्ट तर त्याहून सोपी होती, आणि ती मी स्वतः तीन शहरांत भाषणं ठोकून लोकांना सांगत आले होते: भोक पाडायचा गडू नेहमी नवऱ्याच्या घरचा असतो आणि तो नवऱ्याच्याच घरी परत येतो. व्हीदाआत्याचा असता तर तो तिच्या सासरी राहिला असता, दुसऱ्या गावात. आमच्या माळ्यावर जो सापडला, तो आमच्या घरात आलेल्या सुनेचा. आमच्या घरात सून एकच आली.

मी ट्राम न घेता चालत निघाले. फुटपाथवर चेस्टनट पडत होते, टणटण, गाड्यांच्या टपांवर. बायका पोत्यांनी लाल मिरच्या घरी नेत होत्या. मला काही आठवायचं नव्हतं आणि तेच आठवत होतं. गावचं स्वयंपाकघर, सेंट जॉर्जचा दिवस, टेबलावर कोकरू. आजी, म्हणजे वडिलांची आई, ग्रोझदा, टेबलाच्या टोकाला. सगळ्यांपुढे काचेचे पेले. मग आजी उठायची, भिंतीवरच्या उंच खिळ्यावरून एक लखलखीत गडू काढायची आणि दारू भरून आईपुढे धरायची. सूनबाईचा गडू वेगळा. मला वाटायचं, मान आहे. आई तो दोन्ही हातांनी घ्यायची, फार सांभाळून, एक बोट खाली, आणि एका दमात संपवायची. आणि सगळे तिच्याकडे बघायचे, आणि वडिलांचे काका हसायचे, आणि वडील पाव कुस्करत बसायचे. मी चार-पाच वर्षांची असेन. मला तो गडू हवा असायचा आणि मिळायचा नाही, म्हणून मी माझा दुधाचा पेला तसाच धरायला लागले, बोट खाली घेऊन, आईसारखी. आजी एकदा मला बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. आईनं उठून माझ्या हातावर फटका मारला. मला वाटलं, दूध सांडलं म्हणून. मी सात वर्षांची असताना आजी गेली, गडू भिंतीवरून नाहीसा झाला, खिळा राहिला. त्यावर पुढे कॅलेंडर लागलं.

घरी आई बाल्कनीत मिरच्या भाजत होती. ती उद्घाटनासाठी म्हणून आली होती, पण रिकामी बसेल तर आई कसली. चौथ्या मजल्यावर शेगडी, खाली अख्ख्या इमारतीत हाच वास, प्रत्येक बाल्कनीत कुणीतरी वर्षाची बेगमी करत उभं. भाजलेल्या मिरच्या ती पिशवीत कोंडत होती आणि निवलेल्या सोलत होती. बोटं काळी झाली होती. मी समोर स्टुलावर बसले आणि सोलायला घेतल्या. थोडा वेळ आम्ही दोघी सोलत राहिलो. मग मी म्हणाले, "आई, तो गडू व्हीदाआत्याचा नाही."

ती थांबली नाही. तिनं मिरचीचं देठ उपटलं, बिया झटकल्या. "व्हीदा मेलेली होती," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला काय लाज? तुला काहीतरी सांगायला हवं होतं, तिचं नाव तोंडात आलं. मला काय माहीत तू ते पितळेवर कोरून गॅलरीत लावशील."

मग तिनं सांगितलं. रडली नाही की आवाज चढवला नाही. वाण्याच्या दुकानातली एखादी घडलेली गोष्ट सांगावी तसं सांगत गेली. लग्न तीन दिवसांचं होतं, आणि तीन दिवस वडिलांना त्यांच्या मित्रांनी पाजली. खोलीत ढकललं तेव्हा ते उभे राहू शकत नव्हते. भिंतीला टेकले आणि तिथेच झोपले, बुटांसकट. तिनं बूट काढले, अंगावर घोंगडं घातलं आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिली. तिला त्यांची कीवच आली होती. ते एकोणीस वर्षांचे होते. सकाळी आजीनं सदरा मागितला. सदरा तर कोराच होता. आजीनं मुलाकडे बघितलं, बोल म्हणाली. आता त्यांनी काय सांगायचं होतं? एवढंच, की मी झोपलो. अंगणात मित्र उभे, काका उभे, वाजवणारे उभे. ते काहीच बोलले नाहीत. आजीनं तेवढ्यावर निकाल लावला. गडू वडिलांच्याच भट्टीतून आणला.

"आणि तू? तू का नाही बोललीस?"

"बोलले की. आजीला बोलले. ती म्हणाली, माझ्या मुलाचं नाव घालवू नकोस."

खिडकीतून तिनं सगळं बघितलं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा दोब्री, पांढरा सदरा घालून आले होते, लेकीच्या घरची गोड राकिया घ्यायला. गडू घेतला, आणि सासूनं बोट काढलं. आजोबांनी वर खिडकीकडे बघितलं नाही. तो सदरा त्यांनी पुन्हा कधी घातला नाही असं तिनं नंतर भावाकडून ऐकलं. लेकीला परत नेता की इथे ठेवू, असं विचारल्यावर ते म्हणाले, ठेवा, आणि गेले. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. सहा वर्षांनी ते वारले तेव्हा आजीनं पुरायलाही जाऊ दिलं नाही. म्हणे, ज्याची मान खाली घातलीस त्याला आता काय तोंड दाखवणार. आणि सणासणाला तो गडू. तो प्यायचा म्हणजे बोट धरायलाच हवं, नाहीतर अंगावर. "मग सवय लागते," आई म्हणाली. "कशाचीही लागते."

मला वडिलांबद्दल विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी ज्या एका माणसाला काही मानलं ते हेच. माझे हात त्यांचे आहेत. तांबं लाल होऊ दे, घाई करू नकोस, ते सांगतं कधी ठोकायचं, हे अजून मी काम करताना त्यांच्या आवाजात ऐकते. मी न विचारताच आईनं सांगितलं. खिळा आजीनं मारला, पण गडू त्यांनी धरला होता. आजी म्हणाली धर, त्यांनी धरला. पहिला घाव घसरला, कारण त्यांचा हात हालत होता. तो खोचा त्याचा.

"अख्ख्या गावाची भांडी त्यानं सांधली," आई म्हणाली. "शेजारच्या गावाचीसुद्धा. कढईचा तुटका कान आणा, गळकी किटली आणा, दुपारपर्यंत नवी करून देणार. आणि तो गडू त्याच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला. मी वाट बघितली. म्हटलं, आई आहे तोवर धीर होत नसेल. आई मेली. त्यानं गडू उतरवला, मी म्हटलं, आता. तर फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. भोक झाळून बुजवलं असतं तर बोलावं लागलं असतं ना. वाईट नव्हता तुझा बाप. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. पण वाट बघून बघून माणूस आंबतो."

आणि मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण त्याचीच. तांब्याचं एवढं शिकलीस. परदेशात जाऊन शिकलीस. तुझ्या हातात गडू दिला, तर तू त्याच्या शेजारी आणखी गडू आणलेस आणि त्यांनाही भोकं पाडलीस."

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो कामाचाच. मधला गडू बुजवला तर रांगेला अर्थ राहत नाही. छापून झालं आहे, बोलावणी गेली आहेत, लोक या एका भोकासाठी येणार आहेत. मी आईला म्हणालेसुद्धा तसं काहीतरी, की हे तुझ्यासारख्या सगळ्या बायांसाठीच आहे, लोकांनी बघायला हवं, समजायला हवं. ती म्हणाली, बघितलं की लोकांनी तेव्हा. अंगण भरलं होतं. आणि पिशवीतली पुढची मिरची घेतली. तिनं हट्ट धरला असता तर मला भांडता आलं असतं. ती फक्त सोलत राहिली, आणि मला दिसलं की ती आत्ताही वाट बघते आहे, जशी त्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं बघत होती, त्याच चेहऱ्यानं, आणि यावेळी माझी.

सकाळी मी गॅलरीत जाऊन गडू उतरवला. क्रेमेना कळवळली. ती वाईट बाई नाही, तिला खरंच पटत नव्हतं. म्हणाली, भोक गेलं की तो नुसता गडू, रुसाना, नुसता गडू कशाला टांगायचा. मी म्हटलं, टांगायचाच नाही. मधली तार रिकामी राहू दे. आणि पट्टीवरचं व्हीदाचं नाव काढ. मग कुणाचं घालू, असं तिनं विचारलं, आणि ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी आईला फोन लावला. व्हीदाचं काढतेय, तुझं घालू का? मागे शेगडीचा फुरफुर आवाज येत होता. मला वाटलं, म्हणेल कुणाचंच नको.

"भोक ज्यांनी पाडलं त्यांची लिही," ती म्हणाली. "ग्रोझदानं मारलं, मेतोदीनं धरलं."

मेतोदी माझे वडील. ते नाव मी स्वतःच्या हातानं कोरलं, कारण दुसऱ्या कुणाला कोरू द्यायची माझी छाती होईना. पहिल्याच अक्षराची रेघ वाकडी गेली. तशीच ठेवली. उद्घाटनाच्या दिवशी लोक त्या पट्टीसमोर उभे राहिले, रिकाम्या तारेकडे बघत राहिले, आणि काहींनी मला येऊन सांगितलं की ही कल्पना जबरदस्त आहे. आई मोठा कोट घालून कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. कापडावर दारू गळायला लागली तेव्हा ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

गडू मी माझ्या कामाच्या खोलीत झाळला. आधी बूड पेटवून मऊ केलं, आतली धार उलटी ठोकून सपाट केली. मग त्याच जाडीच्या तांब्याची चकती कापली, सांधा धरावा म्हणून टाकणखार लावला, आणि चांदीचा डाख वितळून कडेनं एका क्षणात धावला, जसा चांगला बसला की धावतो. मला वडिलांचा आवाज येईल असं वाटलं होतं. आला नाही. पहिला घसरलेला खोचा मात्र मी पुसू शकले नाही. पुसण्याइतकं तांबं तिथे उरलेलं नव्हतं. पाणी भरून गडू कोरड्या कागदावर ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

पेत्का संतिणीच्या सणाआधीच्या शनिवारी, पितरांच्या दिवशी, मी आईला गाडीत घालून तिच्या माहेरी नेलं. मांडीवर साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचं भांडं, पाव, मेणबत्त्या, घरच्या दारूची बाटली. गडू कापडी पिशवीत. आजोबांची कबर टेकडीच्या कडेला, दगडावरचं नाव निम्मं शेवाळलेलं. त्यांना पुरलं तेव्हा तिला येऊ दिलं नव्हतं, पण नंतर तरी ती कधी का आली नाही, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिनं वाकून गवत उपटलं, मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली. येणाऱ्याजाणाऱ्या बायका गव्हाचे घास देत होत्या, परमेश्वर क्षमा करो म्हणत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं आईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, तू दोब्रीची ना, ती... आणि पुढचं गिळलं. आई म्हणाली, हो, तीच.

मग तिनं गडू काढला आणि काठोकाठ भरला. दोन्ही हातांत धरून दगडासमोर उभी राहिली. मी तिच्या हातांकडेच बघत होते. बोट खाली होतं, अर्थातच. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं बोट, मिरच्यांनी काळं झालेलं. "बाबा," ती म्हणाली, "गळत नाही." आणि गडू वाकवून तोंडाकडून, नीट धार धरून तिनं निम्मी दारू मातीत ओतली. माती पिऊन गेली. उरलेल्यातला एक घोट ती प्याली आणि गडू माझ्यापुढे धरला.

मी घेतला. माझं बोट आपोआप खाली गेलं, चकतीवर, डाखाच्या कडेवर. आईनं ते बघितलं.

"काढ ते बोट," ती म्हणाली.

मी काढलं. मला वाटलं त्यापेक्षा ते जड गेलं. दारू गडूत शांत राहिली, एक थेंबही आला नाही, आणि मी प्याले. तेवढ्यात आईनं आपला हात पुढे केला आणि मी पिऊन होईपर्यंत ओंजळ गडूच्या खाली धरून उभी राहिली.